शिवलेला पट्टा

नाही ताई, तडा शोधू नका. तडा दिसला असता तर प्रश्नच नव्हता. द्या इकडं. कशावर पडली तुमची पोरगी, वाळूवर की कुंपणावर? कुंपणावर. डोकं आपटलं? ‘थोडंसंच’ — सगळ्या आया थोडंसंच म्हणतात. हे हेल्मेट गेलं. बाहेरून कोरं करकरीत, पण आत हा पांढरा थर आहे ना, थर्माकोलसारखा, तो एकदाच दबतो — दबून डोकं वाचवतो आणि संपतो. उशीसारखा परत फुगत नाही. पुन्हा पडली तर नुसती टोपी घातल्यासारखं. न पडताही चार-पाच वर्षांत बदलायचंच. घाम, ऊन, गाडीच्या डिकीतला उकाडा — सगळं खातं त्याला. पण आपटलं की त्याच दिवशी. तिथं वर्षं मोजत बसायचं नाही.

कात्री बघून दचकू नका. आमच्या तबेल्याची रीतच आहे — आपटलेल्या हेल्मेटचा पट्टा मी कापतो. नाही कापला तर उद्या कुणीतरी खुंटीवरून उचलतं, चांगलं दिसतंय म्हणून, आणि घालून मोकळं होतं. शिकलो नाही मी फार, पण आपटलेलं एकही हेल्मेट माझ्यापुढून परत रिंगणात गेलं नाही. कालपर्यंत.

काय? कालपर्यंत म्हटलं का मी? निघून गेलं तोंडातून. आता निघालंच तर — ती खिडकीतून दिसते ना, तपकिरी घोडीवरची, ती माझी नात. उड्यांची स्पर्धा आहे, पुढचा नंबर तिचाच. काल सरावात पडली, सरळ डोक्यावर. उठली, हसली, म्हणाली, ‘आजोबा, काही नाही झालं.’ मी पट्टा कापला. सकाळी बघतो तर डोक्यावर तेच — पट्टा शिवलेला! दुहेरी टाका, मेण लावलेला दोरा, खोगिराला घालतात तसा. कुणी शिकवला? मीच. इतका सुबक, की शाबास म्हणणार होतो — गाढव म्हातारा! नव्या हेल्मेटात कान दुखतात म्हणे. ह्यातच जिंकते म्हणे. तिच्या बापाकडे गेलो — माझाच मुलगा, तबेला आता तो बघतो. म्हणाला, ‘बाबा, एवढी फेरी होऊ द्या, आज तिला चिडवू नका.’ चिडवू नका! मी! मग घोडीला आडवा उभा राहिलो. पोरगी ओरडली नाही, काही नाही — लगाम वळवला आणि बाजूनं निघून गेली, खांबाला वळसा घालावा तशी.

थांबा. घंटा झाली. तुम्ही बघा ताई, मला नाही बघवत, मी आपला भिंतीकडे तोंड करून — तुम्ही बघा आणि सांगा. पहिली उडी? गेली. टापा बरोबर पडताहेत, ऐकतोय मी. पाण्यावरच्या उडीच्या अलीकडे घोडी अडते, काल तिथंच अडली — बोला ना — गेली? टाळ्या कसल्या? संपलं? अडथळ्याची एकही दांडी नाही पडली?

बरं.

बरं झालं. अभिनंदन कसलं करताय ताई! आज हात मोडला असता तर ऐकलं असतं एखादवेळ — छे, काय बोलतोय मी, जीभ झडो माझी. पण आता ती ते हेल्मेट कधी टाकायची नाही. पुढच्या फेरीत दांड्या ह्याहून उंच, आणि डोक्यावर हेच. मी काय सांगू? जिंकून आली. बाप खांद्यावर घेऊन नाचेल. मी सांगायचं काय?

तुमची केवढी आहे? आठ. अजून ऐकते तुमचं? मग रडू दे तिला. धरा, ते टोक घट्ट धरा — हं, कापलं. नवीन आणल्याशिवाय घोड्यावर बसवायचं नाही. आता निघा ताई. उभ्या राहू नका. नात इकडेच येतेय, मला दाखवायला — जा म्हणतो ना.