विषय : जेवलास का रे?

मंडळी, बसा. पुढं सरका. अहो खांबाशी बसलेले, तुम्हीच — मोबाईल बंद केलाय, की नुसता पालथा घातलाय? मला संशय येतो हो! आज सगळ्यांचाच येतोय. काल इथं चौदा डोकी होती, आणि आज चपला ठेवायला जागा नाही. एका दिवसात एवढी भक्ती वाढली? छे! बाहेरची पाटी वाचली असणार. 'आज बुवा एका घरातलं गुपित फोडणार!' आपल्या देवळातल्या नेनेकाकांचं अक्षर आहे. वाचलीत ना? म्हणून आलात!

तर आजचा प्रश्न तोच. समोरच्यानं दार उघडावं म्हणून खोटी हाक मारली, तर बिघडलं काय? दार तर उघडतं! मग? सांगा की! … ऐका तर मग.

पुण्यात एक मसाल्याची कंपनी. तिथं हेरंब पोंक्षे नावाचा तरुण कामाला. काम काय? विषय लिहिणं! आमच्या कीर्तनातले विषय नव्हेत हो, ते सोडायचे असतात. हा ईमेलचा विषय. कंपनी हजारो लोकांना जाहिरातीची मेल पाठवते, तिच्या डोक्यावर एक ओळ असते. ती ओळ पाहून माणूस मेल उघडतो, नाहीतर तशीच पुसून टाकतो. ती ओळ लिहायची हेरंबनं. पण त्याची एक ओळ लागू पडेल तर शपथ! 'खास सवलत' — कोणी बघेना. 'शेवटचे दोन तास' — लोक म्हणाले, कालही शेवटचेच होते! साहेब म्हणाले, "पोंक्षे, या महिन्यात जमलं नाही, तर दुसरीकडे बघा."

हेरंबची आई सुमतीबाई. चिपळूणला एकटी राहायची, शाळेतून निवृत्त झालेली. तिनं फोन केला की चिरंजीव म्हणणार, "आई, मीटिंगमध्ये आहे गं, मेल टाक." म्हणून ही बाई साठी उलटल्यावर मेल शिकली! आणि तीही एका डोळ्यावर, बरं का. दुसरा लहानपणीच गेलेला. दर गुरुवारी मेल, आणि विषय ठरलेला — 'जेवलास का रे?'

त्या गुरुवारी हेरंबनं ती ओळ पाहिली मात्र — ताडकन उठला! मेल उघडली का? नाही हो! ओळ उचलली! पाठवणाऱ्याच्या जागी नाव घातलं 'आई'. विषय, 'जेवलास का रे?' आणि आत? गोडा मसाला, एकावर एक फुकट!

उघडली हो, लोकांनी धडाधड उघडली! साहेबांनी पेढे वाटले. मग काय, रोजचंच झालं. 'आई — डबा विसरलास.' 'आई — कधी येतोस?' पाठवण्याआधी प्रत्येक मेल नमुना म्हणून हेरंबकडेच यायची. दिवसाला तीस-तीस आया, आणि तो चहा पिता पिता सगळ्या एका बोटानं पुसायचा.

मसाल्याची मेल चिपळूणलाही गेली. का? तर नोकरीच्या पहिल्याच दिवशी पोरानं आईचा पत्ता यादीत घातलेला! सुमतीबाईंनी पाहिलं — 'आई' म्हणून कोणीतरी विचारतंय, जेवलास का रे. त्यांची आई जाऊन वीस वर्षं झालेली. उघडून बघतात तर गोडा मसाला, आणि खाली पोराच्या कंपनीचं नाव. बत्तीस वर्षं पोरांची कॉपी पकडलेली बाई ती! तिला कळणार नाही? कळलं. त्या दिवसापासून ती ओळ लिहायची तिनं सोडली.

आणि मग डॉक्टरांनी सांगितलं — उरलेल्या डोळ्याचं ऑपरेशन, मंगळवारी. एकुलता एक डोळा हो! घाबरली बाई. फोन केला. काय ऐकू आलं असेल? बरोब्बर! "आई, मेल टाक गं." तिनं टाकली. विषय लिहिला, 'महत्त्वाचे. लगेच उघड.' आत दोनच ओळी. 'मंगळवारी डोळा कापणार आहेत. त्याआधी तुला एकदा नीट बघून घ्यायचंय, ये.'

हेरंबनं काय केलं? पाठवणारी 'आई' — त्याला वाटलं, आणखी एक नमुना. विषय वाचला, आणि शेजारी बसून ओळी लिहिणाऱ्या मुलीला म्हणाला, "ही ओळ तुझी का? फार कच्ची आहे. 'लगेच उघड' म्हटलं की कोणी उघडत नाही." आणि दिली पुसून!

मंगळवारी सुमतीबाई दुपारपर्यंत दवाखान्याच्या पायरीवर बसून होत्या. प्रत्येक रिक्षाकडे बघत होत्या. शेवटी शेजारच्या खातूबाईंनी सही केली आणि आत नेलं. बुधवारी खातूबाईंचाच फोन गेला, "अहो, मुलगा ना तुम्ही?"

धावत आला. खाटेवर आई, डोळ्यावर पट्टी. पट्टी सुटल्यावर दिसेल की नाही, अजून कोणालाच ठाऊक नाही. याला रडू फुटलं. आणि तोंडातून तेच आलं, अगदी मनापासून आलं हो —

"आई, जेवलीस का गं?"

आवाज ओळखला तिनं. पोटचं पोर, ओळखणार नाही? तोंड त्याच्याकडे वळवलं, आणि विचारलं, "आज काय विकायला आणलंयस रे?"

… वामनराव, पेटी नको. थांबा जरा.

मंडळी, हेरंबला शिव्या घालताय ना मनात? घाला. पण बाहेरची ती पाटी — अक्षर नेनेकाकांचं, शब्द माझे. मीच सांगितलं, असं लिहा, लोक येतील. आलात! आता उद्या मी खरं सांगेन, तेव्हा तुम्ही ऐकाल कशावरून?

आणि तुम्ही? आत येताना घंटा वाजवलीत. 'देवा!' म्हणालात. आणि पुढं? पोरीचं लग्न, जावयाची बदली, गुडघा! रोज तीच हाक, आणि आत रोज मागणी. मला संशय येतो हो — तुम्ही हाक मारलीत की आत तोही तेच म्हणत असेल, आज काय मागायला आलास रे?

आज एकदाच हाक मारू. सगळे मिळून. आणि पुढं काही मागायचं नाही. हाक मारायची आणि गप्प बसायचं. जमेल?

वामनराव, धरा सूर. म्हणा — देवा!