आबांसमोर मंदाचे उतरणे

चहा घ्या, तोवर आमच्या मंदाच्या सायकलीचा प्रसंग सांगते. एकोणीसशे नव्वदच्या सुमारास माझी ही धाकटी कन्या आदिलाबादेत शर्यतीची सायकल चालवीत असे. तिच्या पायडलांना पट्टे होते. पाय मागे ओढला की तो सुटत असे. पुढे तिच्या प्रशिक्षकांनी हैदराबादहून नवी पायडले आणली. त्यांत बूट खटकन अडकतो आणि टाच बाहेर वळवल्याविना सुटत नाही.

हैदराबादच्या शर्यतीस जाण्यासाठी माझे थोरले दीर, आबा, यांची परवानगी आवश्यक होती आणि ते राजी नव्हते. शिवाय वडीलधारे दिसताच सायकलवरून उतरावे, असा आमच्या घरचा दंडक.

एका सायंकाळी मी दारात उभी असताना आबा कापूस बाजारातून परतत होते. समोरून मंदा आली. त्यांना पाहताच तिने सवयीने पाय मागे ओढला. बूट हलला नाही आणि ती सायकलीसकट त्यांच्या पायांशी आडवी झाली.

"पाया पडाले सायकलसुद्धा आणली का वं?" आबा म्हणाले.

"उतरून राह्यली होती, आबा! तुमी दिसले ना! पाय सुटलाच नाई. टाच बाहेर वळवा लागते."

आबांनी खाली बसून स्वतः तिची टाच वळवली. बूट सुटला.

"लागलं काय?"

"नाई. आबा, हैदराबादले जाऊ?"

आबांनी सायकल उचलून उभी केली.

"जाय. पन शर्यतीत मी रस्त्यात उभा दिसलो, तं उतरू नोको."