उशिरा आलेलं हो

(दोन हजार पंधरा साल, सुट्टीची दुपार. जेवणाच्या टेबलावर दोन टॅब्लेट: एक आठवड्यापूर्वी घेतलेला, दुसरा दुकानातून आजच वापरून बघायला आणलेला. टेबलाशी चाकांच्या खुर्चीत बाबा. पक्षाघातात त्यांची वाचा गेली. टॅब्लेटवरचं चित्र दाबलं की तो त्यांच्या वतीने बोलतो.)

आई: मी सांगून ठेवते, तुझा तो स्वस्तातला परत जाणार आणि हा राहणार.

मुलगा: अगं, दुपटीहून महाग आहे हा. हो, नाही, पाणी, चहा, एवढं बोलायला? बाबांना काय त्यावर सिनेमे काढायचेत?

आई: वेळेवर बोलायचंय.

मुलगा: मग माझा बोलतोच की. जरा सावकाश.

आई: जरा? ते बोट ठेवतात आणि तुझं यंत्र डुलकी काढतं. अरे, भाजीबाजारात लिलाव पुकारणारा माणूस हा. समोरच्याने भुवई उडवायच्या आत भाव वाढवून मोकळे व्हायचे. लग्न झालं तेव्हा वर्षभर मला यांचं अर्धं बोलणं कळत नव्हतं.

मुलगा: ते दिवस गेले, आई. उगाच उगाळत बसू नकोस. आणि माझ्यावर आवाज चढवू नकोस, याच जुन्या टॅब्लेटवर बाबांनी मला बाजारातला गाळा विकायला हो म्हटलंय. तेव्हा बरं चाललं यंत्र.

आई: त्याचंच तर बोलायचंय. सकाळी मी यांना विचारलं, पाणी देऊ? यंत्र गप्प. मला वाटलं, नको असेल. म्हटलं, खिडकी लावून घेऊ? तर लगेच आलं, ‘हो’. मी खिडकी लावली, तर हे असे बघतायत की जणू मी त्यांच्या तोंडावरच लावली. मग पाणी पुढे केलं. अख्खं भांडं घटाघटा प्यायले.

मुलगा: बरं मग?

आई: मग मला तो दिवस आठवला. तू दारातूनच विचारलंस, बाबा, चहा घेणार? यांनी बोट ठेवलं. तुला कुठला दम निघतोय? बूट काढता काढता पुढचं विचारलंस, गाळा देऊन टाकू ना? आणि ‘हो’ आलं. ते चहाचं होतं.

मुलगा: हे तू आता जुळवतेयस.

आई: चहा दिला होतास का त्यांना?

मुलगा: ते मला कसं आठवणार?

आई: मला आठवतं. नव्हता दिलास.

मुलगा: ठीक आहे. तुझ्यासमोरच विचारतो, या जुन्यावरच. बाबा, जेवण झालं ना तुमचं? बघ, गप्प आहेत. मनात नसलं की गप्प बसतात, आणि खापर टॅब्लेटवर. म्हणजे या घरात सगळी चूक माझीच का?

बाबा (जुन्या टॅब्लेटवरून): हो.

आई: जेवण झालंय त्यांचं.

मुलगा: हसू नकोस. उद्या सही आहे माझी. घेणाऱ्याला शब्द दिलाय.

आई: शब्द कुणाचा दिलास ते आधी बघ. हा नवा घे. दुकानदाराने चित्रं तीच घालून दिलीयत. ठेव त्यांच्या हाताखाली, आणि आता विचार.

मुलगा: बाबा, तो गाळा आपण...

बाबा (नव्या टॅब्लेटवरून): नाही.

मुलगा: प्रश्न पुरा तरी होऊ द्या.

आई: जन्मात कुणाचा पुरा होऊ दिलाय त्यांनी?

बाबा: नाही. नाही.

मुलगा: कळलं, बाबा. पण मग माझंही ऐका. पहाटे उठून गाळा उघडायचा, तिथून धावत नोकरीवर. संध्याकाळी पुन्हा हिशेबाला गाळ्यावर. मुलगी मला झोपेतच दिसते. तुमच्यासारखं पुकारता येत नाही मला, लोक तोंडावर हसतात. तुमचं ‘नाही’ ऐकायला महागडा टॅब्लेट आणला आईने. माझं ‘नाही’ कोण ऐकणार?

आई: हे कधी बोलला नाहीस.

मुलगा: मला कुणी विचारलं होतं?

आई: ते समोर बसलेत. त्यांच्याशी बोल.

मुलगा: बाबा, मला नाही जमत हो हे. सोडवाल मला यातून?... बाबा?... बघ, हाही गप्प. एवढे पैसे घालून हाही अडकला.

आई: अडकला नाहीये. बोट बघ त्यांचं, अजून कुठेच ठेवलेलं नाही.

मुलगा: मग?

आई: मग काय. आता लागतोय तो वेळ त्यांचा आहे. बस जरा.