शाओ सरांच्या चित्रावरचं कुंकू

लिनकाकू, आणि जमलेल्या सगळ्यांनो, मला बोलता येईल असं वाटत नाही. हॉस्पिटलमध्ये मी लोकांना वाईट बातम्या सांगतो. आज ती मला स्वतःलाच सांगायची आहे.

काकू, तुमचे यजमान, आमचे शाओ सर गेले. आयर्लंडमधल्या आपल्या या लेटरकेनीतल्या मुलांना दर शनिवारी चित्रकला शिकवणारे शाओ सर. शाई चिनी, कागद चिनी, आणि डोंगरावरची ऊन-सावली मात्र युरोपातल्या तैलचित्रांसारखी. तिकडचे म्हणायचे, हे आपलं नाही. इकडचे म्हणायचे, हे आमचं नाही. सर म्हणायचे, "ग्रँड! म्हणजे माझं आहे."

त्यांनी आम्हाला पहिलं चित्र दिलं तेव्हा आई नुकतीच इथे राहायला आली होती. घरात नवी वस्तू आली, की आई कुंकू लावणार. लावलं. कुठे? थेट चित्रावर! कोपऱ्यात ठसठशीत बोट. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सर वाकून बघत राहिले आणि मग हसायलाच लागले. म्हणाले, अरे, आमच्याकडे चित्र ज्याच्या मालकीचं होतं, तोही त्यावर आपला लाल शिक्का मारतो. तुझ्या आईने मारला!

तेव्हापासून प्रत्येक चित्रावर आधी आईचं बोट, मग सरांचा शिक्का.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. एरिगल डोंगराचं चित्र झालंय, आईंना घेऊन ये, त्यांचं बोट आणि माझा शिक्का राहिलाय. मी म्हटलं, सर, ऑन-कॉल आहे, पुढच्या रविवारी नक्की. पुढच्या रविवारीही तेच. गाडीने वीस मिनिटं हो! आई गाडी चालवत नाही, नेणारा मीच. तिसऱ्या रविवारी सर नव्हते.

शिक्का त्यांच्या टेबलावरच होता. मारून टाकायला काय हरकत होती? नाही मारला. आमच्यासाठी थांबले. आमच्यासाठी थांबले, आणि मी गेलो नाही. हे मला सहन होत नाही.

ते चित्र काकूंनी आज आणलंय. हे समोर आहे. सरांच्या शिक्क्याची जागा आता कोरीच राहणार. पण दुसरी जागा आईची आहे. शोकसभेत कुंकू कसलं, असं कोणाला वाटेल. वाटू दे. करंडा काकूंनीच मागून घेतलाय.

सर, आईला आणलंय. उशीर झाला.

आई, ऊठ. मी हात धरतो. बाकी सगळे उभे राहू या. ती बोट कागदावरून उचलेपर्यंत कोणी काही बोलू नका.