भोक पडलेली मोहोर

आयर्लंडमधल्या ट्रलीच्या हॉस्पिटलात तपासणीच्या रांगेत माझ्या मागे मराठी मायलेक बसले होते.

“एवढी सोन्याची नाणी जमवतोस गुरू, आणि हे भोक पडलेलं?”

“आई, ही इंग्लंडच्या ट्यूडर राणीची मोहोर. साडेचारशे वर्षांपूर्वी आजारी माणूस बरा व्हावा म्हणून राणी त्याला हात लावायची आणि ही त्याच्या गळ्यात घालायची.”

“अगंबाई! राणी? स्वतः?”

“स्वतः.”

“बघू... भोक दोऱ्यानं केवढं झिजलंय रे! माझ्या पुतळ्यांच्या माळेसारखं.”

“म्हणजे?”

“म्हणजे ज्यानं घातली, तो पुष्कळ वर्षं जगला.”

“...आई, मान पुढे कर.”

“तू डॉक्टर ना रे?”

“आत्ता नाही. कर ना.”

“उद्या ऑपरेशनला काढायला लावतील.”

“मीच काढेन. शुद्धीवर आलीस की मीच परत घालेन.”