पाऊण तास शटर खाली होते

मी, चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवणारी, वय ४९ वर्षे, अविवाहित, राहणार पाण्याच्या टाकीमागील तीनमजली इमारत, दुसरा मजला, आज सकाळी दहा वाजता पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, औषधविक्रेत्याने माझ्या धाकट्या भावाविरुद्ध दिलेल्या तक्रारीबाबत विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी दोन भावांसह राहते. थोरला भाऊ, वय ५३, लाँड्रीत इस्त्री करतो. धाकटा, वय ४४, छापखान्यात मुद्रितशोधक आहे. दोघांना मन फार वर चढण्याचा आणि फार खाली जाण्याचा एकच आजार आहे. डॉक्टर एकच, गोळी एकच. माणसे मात्र एक नाहीत.

थोरला सकाळी आठ आणि रात्री आठला गोळी घेतो. अकरा वर्षांत एकदाही चुकलेला नाही. इमारतीत त्याला ‘आठ-आठ’ म्हणतात. तो नाकासमोर चालणारा आहे. डॉक्टरांनी वीट चघळायला सांगितली असती, तर त्याने जेवणाआधी की जेवणानंतर एवढेच विचारले असते.

धाकट्याला सगळे ‘हरकत’ म्हणतात. तो गोळीसोबतचे पत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, त्यातील छपाईच्या चुका दाखवतो आणि गोळी घेत नाही. “घे” म्हटले की हमखास घेत नाही. मी एकदा केळ्यात गोळी लपवून दिली होती. त्याने केळे आडवे कापले, गोळी काढून बशीत ठेवली आणि केळे खाल्ले. त्यानंतर महिनाभर तो माझ्याशी फक्त चिठ्ठ्यांतून बोलला.

न घेतल्याचे परिणाम होतात, हे मी लपवत नाही. दोन वर्षांपूर्वी तो सलग पाच दिवस झोपला नव्हता. त्या पाच दिवसांत त्याने आमच्या रस्त्यावरील एकवीस दुकानांच्या पाट्यांतील ऱ्हस्व-दीर्घ लाल रंगाने सुधारले. त्यातील एक पाटी तक्रारदार औषधविक्रेत्याची होती. सुधारणा सगळ्या बरोबर होत्या. नंतर तो दोन महिने भिंतीकडे तोंड करून पडून होता. तेव्हा त्याला मी भरवत असे. त्याबद्दल अधिक सांगायचे नाही.

दहा दिवसांपूर्वी, शनिवारी, थोरल्याने नेहमीच्या दुकानातून गोळ्या आणल्या. चारेक दिवसांत त्याचे हात कापू लागले. गुरुवारी लाँड्रीत त्याच्या हातून एका शर्टाची कॉलर जळाली. शुक्रवारपासून उलट्या सुरू झाल्या. शनिवारी तो भिंतीला धरून चालत होता आणि त्याची जीभ जड झाली होती. मी म्हणाले, “दादा, दोन दिवस गोळी राहू दे.” तो म्हणाला, “डॉक्टरांच्या चिठ्ठीत लिहिलंय ना.” आणि आठ वाजता त्याने गोळी घेतली.

रविवारी दुपारी धाकट्याने थोरल्याच्या गोळ्यांचे पाकीट उचलले आणि म्हणाला, “ताई, चिठ्ठीत तीनशे आहे, पाकिटावर साडेचारशे. दादाला दीडपट चाललंय.”

त्यावर मी म्हणाले, “आधी स्वतःच्या गोळ्या घे, मग दुसऱ्याच्या तपास.” हे मी म्हणाले, असे कृपया जसेच्या तसे लिहावे. हवालदारसाहेब याची गरज नाही म्हणाले. मला आहे.

काल सोमवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास धाकटा चिठ्ठी आणि पाकीट घेऊन औषधविक्रेत्याकडे गेला. आमचे चष्म्याचे दुकान त्याच ओळीत चार दुकाने सोडून आहे. शटर खाडकन पडल्याचा आवाज आल्यावर मी धावत गेले. आतले बोलणे मला स्पष्ट ऐकू येत होते.

औषधविक्रेता ओरडत होता, “तुझं डोकं फिरलंय! शटर उघड!”

“डोकं फिरलंय, डोळे नाहीत. हा आकडा वाचा.”

“तुझा भाऊ काही बोलला नाही. तुला काय पडलंय?”

“तो बोलणारच नाही. म्हणून तर मी आलोय. वाचा.”

मी शटरवर हात आपटले. आतून धाकटा म्हणाला, “ताई, तू इथे काय करतेस? दादाला उचल आणि दवाखान्यात ने. आत्ता. पाकीट याच्या हातात आहे. मी इथून हललो तर हा ते गायब करील.”

अकरा वर्षांत त्याने सांगितलेले मी निमूटपणे ऐकल्याची ही पहिली वेळ. मी घरी गेले. थोरला पलंगाच्या काठावर बसून डाव्या पायात उजवी चप्पल घालत होता. त्याला रिक्षात घालून मी सव्वाअकरापर्यंत दवाखान्यात पोहोचवले. रक्त तपासून, दोघा भावांना ओळखणाऱ्या तेथील डॉक्टरीणबाईंनी औषध ताबडतोब बंद केले आणि सलाईन लावली. त्या म्हणाल्या, “आणखी दोन दिवस घेतल्या असत्या तर मूत्रपिंडं गेली असती. घरात कुणाच्या लक्षात आलं?” मी सांगितले, धाकट्याच्या. त्या म्हणाल्या, “म्हणजे तो गोळ्या न घेणारा?” मी हो म्हणाले.

तक्रारदाराचे म्हणणे आहे की त्याला कात्रीचा धाक दाखवून कोंडले. कात्री त्याच्याच दुकानातली आहे. गोळ्यांची पट्टी कापायला ती गल्ल्यावर असते आणि धाकट्याने ती त्याचसाठी घेतली. शिवाय पोलीस येऊन शटर उघडून भावाला ठाण्यात नेईपर्यंतच्या त्या पाऊण तासात एका म्हाताऱ्या बाईंनी शटर वाजवून खोकल्याचे औषध मागितले. तक्रारदाराने बाटली काढून दिली, ती माझ्या भावाने शटरखालच्या फटीतून बाहेर सरकवली आणि “चमचाभरच घ्या, आजी” असेही सांगितले. त्या आजी आमच्याच इमारतीत राहतात आणि जबाब द्यायला तयार आहेत. जिवाची भीती असलेला माणूस गिऱ्हाईक करतो का, ते साहेबांनी ठरवावे.

घटनेच्या वेळी भाऊ भानावर होता का, असे मला विचारण्यात आले. होता. त्या दिवशी आमच्या घरात भानावर तोच एक होता. शटर ओढणे चूक होते, हे मला मान्य आहे. त्यालाही मान्य आहे, पण मी मान्य कर म्हटल्यास तो करणार नाही, तेव्हा मला ते सांगायला लावू नये.

काल संध्याकाळी सहा वाजता मी त्याच्या गोळ्या घेऊन ठाण्यावर आले. तीन महिने त्याने एकही घेतली नव्हती आणि दोन रात्री तो झोपला नव्हता, म्हणून मला धास्ती होती. मी कोठडीच्या जाळीतून पुष्कळ विनवले. तो पाठ करून बसला. तेव्हा ड्युटीवरच्या हवालदारांनी पट्टी माझ्या हातातून घेतली, आत बाकावर ठेवली आणि म्हणाले, “घ्यायची तर घे, नाहीतर राहू दे. मला तुझ्यासारखे अजून तिघं आहेत.” आणि ते त्यांच्या रजिस्टरकडे गेले. थोड्या वेळाने भावाने त्यांना हाक मारून पाणी मागितले.

हवालदारांनी हे मुद्दाम केले का, असे मी त्यांना विचारले. ते म्हणाले, “नाही हो बाई, मला खरंच काही पडलेलं नव्हतं.”

आज सकाळी नऊ वाजता मी पुन्हा आले. थोरल्याच्या हातांचा कंप कमी झाला असून तो उठून बसला आहे, एवढे धाकट्याला सांगितले. त्याने विचारले, “दादा काही म्हणाला?” मी सांगितले, “तुला जेवण मिळतं का, एवढंच विचारत होता.” नंतर मी पट्टी जाळीतून आत बाकावर सरकवली. ‘घे’ हा शब्द माझ्या जिभेवर आला होता, तो मी गिळला. खिडकीकडे तोंड करून मी छापखान्याच्या मालकाचा निरोप सांगू लागले. निरोप संपला तरी बोलत राहिले. काय बोलले ते आठवत नाही. पाठीमागे पट्टीतून गोळी फुटून निघाल्याचा बारीक आवाज आला. मी वळून पाहिले नाही.

माझी धाकट्या भावाविरुद्ध कोणतीही तक्रार नाही.

हा जबाब मी सांगत गेले तसा लिहिला गेला, मला मोठ्याने वाचून दाखवला गेला. तो खरा आणि बरोबर आहे, म्हणून खाली सही करते.