अकरावा माणूस

नाही फादर, कागद नाही आणला. कागद आणला असता तर चष्मा लावावा लागला असता, आणि चष्मा लावला की मला तुम्हा सगळ्यांचे चेहरे दिसतात. आज ते न दिसलेलेच बरे. आणि हो, दोनच शब्द. ते मला दारातच बजावून झालंय.

तर, आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, आपल्या ड्रमशॅली गावचे फादर कॉनाटी. व्यासपीठावरचे काउंटी कौन्सिलचे मान्यवर, ज्यांची नावं मघाशी मला दोनदा सांगितली आणि मी दोनदा विसरले. ज्यांच्यासाठी आज हॉलमध्ये चहा उकळतोय ते आपले मावळते कौन्सिलर मॅलकी टॅन्सी. त्यांच्या शेजारी माझ्याकडे बघून जीव मुठीत धरून बसलेली त्यांची बायको ऊना. आणि समोर जमलेल्या गावकरी मंडळींनो, डावीकडच्या आणि उजवीकडच्याही.

हसताय काय? मध्ये रेघ कुणी मारलेली नाही, तरी डावीकडे मॅलकीच्या पक्षाची घरं बसलीत आणि उजवीकडे आमच्या. आपल्या आजोबांनी एकमेकांवर बंदुका रोखल्या, बापांनी एकमेकांच्या दुकानातून साखर घेतली नाही, आणि आपण नुसत्या खुर्च्या वेगळ्या मांडतो. प्रगती आहे, नाही कशाला म्हणू?

मी उजवीकडची. ह्युई गॉर्मलीची बायको. आता विधवा. ह्युईला न ओळखणारं इथे कोण आहे? निवडणूक आली की हा माणूस गाईंची धार माझ्यावर टाकून दारोदार हिंडायचा. आमच्या माणसाला मत द्या, असं त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही. तो सांगायचा, मॅलकी टॅन्सीला देऊ नका. एकदा तर चुकून ऊनाच्या आईच्या घरात शिरला आणि तिलाच सांगून आला. म्हातारीनं त्याला केक खाऊ घातला आणि म्हणाली, "बघते हं विचार करून."

आणि हा मॅलकी! याला मयताचं भारी वेड. आता सगळ्याच पुढाऱ्यांना असतं म्हणा. आपल्याकडे ज्यानं मयताला येऊन हात मिळवला नाही, त्याला मत कसलं मिळतंय? पण मॅलकीची गोष्टच वेगळी. तो अशा अशा मयतांना गेलाय की पेटीतल्या माणसालाही प्रश्न पडला असेल, हा कोण बाबा? रांगेत उभा राहणार, टोपी काढणार, हात हातात घेऊन म्हणणार, "तुमच्या दुःखात आहे मी." ह्युई त्याची नक्कल करायचा. स्वयंपाकघरात माझाच हात धरून दुःखात सामील व्हायचा. आणि वर म्हणायचा, "डिंपना, माझ्या मयताला तो मॅलकी आला ना, तर मी पेटीत उठून बसेन."

नाही बसला. लाज आणली मेल्यानं.

डेसी भावोजी, चहाची किटली राहू द्या थोडा वेळ. इकडे बघा. मला ठाऊक आहे तुम्ही मागे का जाऊन उभे राहिलात. मंडळी, माझे हे दीर, ह्युईचे धाकटे भाऊ, आमच्या पक्षाचं गावातलं सगळं तेच बघतात. मघाशी दारात मला म्हणाले, "वहिनी, आभार मान, भेटवस्तू दे, खाली उतर. त्या दिवसाचं काढू नकोस." मी म्हटलं बरं. पुढे चार पावलं गेले तर मॅलकी भेटला. तो काय म्हणाला असेल? "डिंपना, तुला काही बोलायची गरज नाही." म्हणजे बघा, आजोबांच्या काळापासून ज्या दोन पक्षांचं कशावरच एकमत झालं नाही, त्यांचं एकमत झालं ते मी गप्प बसण्यावर!

म्हणून मग मला बोलावंच लागणार.

तो साथीचा हिवाळा आठवतो ना? आता सगळे म्हणतात, गेलं ते. कुठे गेलं? माझ्या घरातून अजून गेलेलं नाही. संध्याकाळी रेडिओवर आकडा सांगायचे. किती आजारी, किती गेले. ह्युई आवाज वाढवायचा, मी कमी करायचे. मी बटाटे साबणानं धुतलेत हो! उकडले तर पाण्याला फेस. ह्युई म्हणाला, "रोगानं नाही मेलो तरी तुझ्या जेवणानं मरेन." पोस्टमन कुंपणाच्या भिंतीवर टपाल ठेवून जायचा, ते मी झाडूच्या दांड्यानं ओढून घ्यायचे आणि दिवसभर पडवीत तसंच पडू द्यायचे. दाराला कडी. आपल्या गावात दाराला कडी कोण लावायचं? मी लावली. कुणी ठोठावलं की मी दिवा मालवून बसायचे. शेजारणीचा आवाज ओळखीचा, तरी दिवा मालवलेला.

आणि एवढं करून ते घरात आलंच. कुठून आलं देव जाणे. त्याला खोकला लागला आणि दुसऱ्या दिवशी पांढऱ्या पोशाखातली माणसं आली. डोळे तेवढे दिसत होते त्यांचे. ह्युईनं गाडीतून हात हलवला, जत्रेला निघाल्यासारखा. मी खिडकीच्या आतून हलवला. मग एकदा नर्सनं त्याच्या कानाशी फोन धरला. मी बोलत राहिले. पलीकडून यंत्राचा आवाज येत होता. तो ऐकत होता की नाही, मला आजतागायत माहीत नाही.

अंत्यविधीचं बघणारा पेटीवाला म्हणाला, पेटी उघडता येणार नाही. ह्युईचा चांगला सूट मी इस्त्री करून ठेवला होता. तो अजून कपाटात आहे. घरी आणायचा नाही, रात्र जागवायची नाही, शेजाऱ्यांनी यायचं नाही, चर्चमध्येही न्यायचा नाही. दवाखान्यातून सरळ कबरस्तानात. दोन्ही मुलं ऑस्ट्रेलियात, विमानं बंद. आणि फादर आणि पेटीवाला सोडून दहा माणसं. दहाच. फादरनी फोनवर नावं विचारली, मी सांगितली. पहिलं माझं, मग घरातली नऊ.

बाकी गाव रस्त्याच्या कडेला उभं होतं, एकमेकांपासून लांब लांब, टोप्या हातात घेऊन, पावसात. तुम्ही उभे होतात. दोन्हीकडचे होतात. त्या दिवशी नाही कुणी डावं उजवं बघितलं. मॅलकी फाटकाशी होता, भिंतीच्या बाहेर.

आता खांद्याचं सांगते. पेटी उचलायला सहा खांदे लागतात. आमच्या नऊ जणांत बायका होत्या, म्हातारा चुलता होता. उचलण्यासारखे पाच निघाले. पेटीवाला म्हणाला, "चाकांची गाडी आहे, तिच्यावर ठेवू." चाकांवर! ह्युईला? या गावात कुठल्या घरची पेटी त्यानं खांद्यावर घेतली नाही, सांगा मला. त्यात डावीकडचीही होती, हं. आणि त्याला बटाट्याच्या पोत्यासारखं ढकलत न्यायचं?

मग मॅलकी आत आला. सहावा खांदा लागला. पेटी उचलली. पाऊस असा होता की माणसं नीट दिसत नव्हती, नुसते काळे कोट हलताना दिसत होते. जन्मभर ज्याला मतं मिळू नयेत म्हणून ह्युईनं बूट झिजवले, त्याच्याच टकलाशेजारी डोकं ठेवून तो गेला.

कुणीतरी रस्त्यावरून फोटो काढला. भिंतीच्या वर पेटी आणि पेटीखाली मॅलकी. तो पेपरात आला. आणि मग काय विचारता!

तिकडे डब्लिनमध्ये भांडणं चाललीच होती, बंदी असताना तुमचा पुढारी कुठे जेवला, आमचा कुठे नाचला, कुणी किती मैल गाडी हाकली. आपल्याला आपलं घरचं भांडण मिळालं. आमच्या बाजूचे म्हणाले, "बघा, लोकांना घरात कोंडलं आणि हा कबरीवरसुद्धा मतं मागायला गेला. दहाचा नियम, हा अकरावा!" मॅलकीच्या बाजूचे म्हणाले, "फोटोच खोटा." मग म्हणाले, "आत नव्हताच, फाटकात होता." मग म्हणाले, "आत होता, पण तुमचा तो दुसरा काय करत होता ते सांगा आधी!" दुकानात पाव घ्यायला गेलं तरी तेच.

"अकरा म्हणजे अकरा. कायदा आहे."

"आणि तुमच्या मंत्र्याला नव्हता वाटतं कायदा?"

"आमच्या मंत्र्यानं कुणाची पेटी नाही चोरली!"

"चोरली? अरे, उचलली त्यानं! तुला एक पोतं तरी उचलवतं का?"

मी तिथेच उभी, हातात पाव. माझ्या नवऱ्याच्या पेटीचा हिशेब चाललाय आणि मला कुणी विचारत नाही की बाई, तू कशी आहेस.

मॅलकीचं नावच पडलं, अकरावा. फुटबॉलच्या मैदानावर पोरं ओरडायची, "अकरावा आला!" कौन्सिलचं अध्यक्षपद त्या वर्षी त्याच्याकडे यायचं होतं, ते गेलं. भर सभेत त्याला विचारलं, "तुम्ही अकरावे होतात की नाही?" तो उभा राहिला, म्हणाला, "पेटी जड होती," आणि बसला. एवढंच. त्याचेच लोक त्याच्यावर चिडले. अरे, बोल ना काहीतरी! नाही बोलला. या वेळी त्याच्या पक्षानं त्याला उभंही केलं नाही. आणि आता दोघं मुलीकडे गॅलवेला निघालीत, कायमची. जाताना बरोबर काय नेतायत? आपण दिलेलं हे भिंतीवरचं घड्याळ आणि ते नाव. ऊना मला मागच्या आठवड्यात म्हणाली, "डिंपना, तिकडे तरी कुणी नाही ना म्हणणार गं त्याला तसं?" मी म्हटलं, "नाही गं, तिकडे कोण ओळखतंय." पण गॅलवे काही चंद्रावर नाही.

डेसी भावोजी फोटो आला त्याच आठवड्यात माझ्या खिडकीशी आले होते. बाहेरूनच बोलले. "वहिनी, एवढंच सांग, तू त्याला बोलावलं नव्हतंस." मी म्हटलं, "भावोजी, मी रडत होते. मला काही दिसलं नाही." त्यांनी टोपी डोक्यावर चढवली. मग म्हणाले, "बरं. तेच सांग."

तेच सांगितलं. रडत्या बाईला पुढे कोण विचारणार?

मला भीती होती. लोकांना वाटलं, दिराची भीती, पक्षाची भीती, कोर्टाची भीती. नाही हो. त्यापेक्षा फार साधी होती. ती मला अजून संध्याकाळी रेडिओ लावताना वाटते आणि आत्ता इथेही वाटतेय. चहाला मी या खुर्च्यांकडे येईन तेव्हा तुमच्यातली कोणती बाई माझ्यासाठी खुर्ची सरकवेल, हे काही मला ठाऊक नाही. माझ्या मयताला कोण येईल, तेही नाही.

असो. दोन शब्द म्हणाले होते, बरेच झाले. फादर, तुम्ही मध्ये घंटी वाजवली नाहीत, उपकार झाले. हॉल झाडला त्या पोरींचे, हॅमची सँडविचं केली त्या बायकांचे, दोन्ही बाजूंनी पावसात आलात त्या तुम्हा सगळ्यांचे आभार. मॅलकी, ऊना, सुखानं राहा, आणि गॅलवेत अनोळखी मयतांना जाऊ नका, लोक घाबरतील. माझ्या बोलण्यात कुणाला काही लागलं असेल, काही कमीजास्त झालं असेल, तर बाई चार इयत्ता शिकलेली आहे म्हणा आणि पोटात घाला.

थांबा. टाळ्या नकोत. अजून उतरले नाही मी.

त्या दिवशी आत होती ती माझ्या घरची नऊ माणसं आज इथे आहेत, आणि नऊही जण आत्ता आपापल्या बुटांकडे बघतायत. त्यांना माहीत आहे. कुणी बोललं नाही. काहींनी माझी लाज राखली, काहींनी पक्षाची सोय बघितली, काहींना दोन्ही एकदम जमलं. आणि मॅलकीनं अध्यक्षपद घालवलं, पण माझं नाव घेतलं नाही.

तो अकरावा नव्हता. आत दहाच माणसं होती. मी नव्हते त्यांत. मी फाटकाशी माझ्या गाडीत होते, काचा वर, दारं आतून लावलेली. बोटभर काच खाली करून मीच मॅलकीला म्हटलं, माझ्या जागी तू जा.

त्यानं विचारलं, "आणि तू?"

मी म्हटलं, "मला ह्युईची भीती वाटते."